लोहगावच्या भिंतीबाहेरून

लोहगावचा हवाई तळ पाहायला पुण्याला निघालो आहे, असे नाशिकमध्ये ज्यांना सांगितले त्यांपैकी बहुतेकांनी ‘आत सोडतात का?’ एवढेच विचारले. सोडत नाहीत. हा भारतीय हवाई दलाचा चालता लढाऊ तळ आहे; तेथे संग्रहालय नाही, तिकीट खिडकी नाही, आणि भिंतीलगत दुर्बीण लावून उभ्या राहणाऱ्याची चौकशी होते, जी व्हायलाच हवी. तरीही जावेसे वाटले, कारण सुखोई-३० एमकेआय ही लढाऊ विमाने आमच्या ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात जुळवली गेली आहेत आणि त्यांच्या चाचणी उड्डाणांचा आवाज आम्ही द्राक्षबागांतून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. ओझर हे त्यांचे माहेर म्हटले, तर सासर कसे आहे ते एकदा पाहून यावे, अशी इच्छा होती. शिवाय ८५ वर्षांहून जुन्या शेजारामुळे या तळाचा बराचसा इतिहास भिंतीबाहेरच, गावात, शेतात आणि माणसांच्या बोलण्यात सापडेल, असा माझा अंदाज होता.

गुरुवार: धानोरी

एसटीने नारायणगाव-मंचर मार्गे पुणे गाठले आणि संध्याकाळी धानोरीत मावसभावाच्या घरी पोहोचलो. चहाचा कप हातात येतो न येतो तोच पहिली सलामी मिळाली. वहिनी स्वयंपाकघरातून काहीतरी सांगत होत्या. वाक्याच्या मध्येच त्या थांबल्या, मावसभावाने दूरचित्रवाणीचा आवाज न वाढवता नुसता रिमोट खाली ठेवला, फळीवरच्या स्टीलच्या डब्यांची झाकणे एकमेकांवर किणकिणली, खिडकीची काच थरथरली, आणि तो प्रचंड घरघराट उत्तरेकडे निघून गेल्यावर वहिनींनी राहिलेले अर्धे वाक्य जसेच्या तसे पुढे चालू केले. घरातल्या कोणाच्याही चेहऱ्यावर काही घडल्याची खूण नव्हती. त्यांचा शाळकरी मुलगा नुसत्या आवाजावरून प्रवासी विमान आणि ‘सुखोई’ वेगळे ओळखतो, आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नाही.

शेजारच्या सदनिकेत हवाई दलातून निवृत्त झालेले एक वॉरंट ऑफिसर राहतात. मावसभावाने ओळख करून देताना ‘दादांना तुमच्या तळाची माहिती हवी आहे’ असे सांगितले, तेव्हा काकांनी चष्मा पुसत मला जरा निरखून पाहिले आणि म्हणाले, “पेपरात छापून आलंय तेवढं सगळं सांगतो. त्यापुढचं विचारू नका.” ही अट त्यांनी शेवटपर्यंत पाळली. मिग-२९ ही लढाऊ विमाने हवाई दलात आली ती १९८७ मध्ये याच तळावर, २८ व ४७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानपथकांमध्ये. सोव्हिएत संघाबाहेर हे विमान प्रथम घेणारा देश भारतच होता. पुढे ११ जून १९९७ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांच्या उपस्थितीत सुखोई-३० के येथेच हवाई दलात दाखल झाली. ती पुढच्या एमकेआय आवृत्तीपेक्षा कमी क्षमतेची होती, त्यामुळे कालांतराने रशियाला परत करण्यात आली आणि त्यांतली बरीच विमाने अखेर अंगोलाने घेतली, हे काकांनी मिस्कीलपणे सांगितले. खरी एमकेआय आली २७ सप्टेंबर २००२ रोजी, जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री असताना, २० व्या स्क्वाड्रनमध्ये, जिचे टोपणनाव ‘लाइटनिंग्ज’. त्यानंतर ३० व्या स्क्वाड्रनलाही, म्हणजे ‘ऱ्हायनोज’ना, ती मिळाली. देशातली पहिली एमकेआय विमाने ज्या आकाशात शिकली, ते आकाश धानोरी-लोहगावचे, हे सांगताना काकांचा आवाज किंचित चढला होता.

आता तळावर किती विमाने असतात, असे मी सहज विचारले. काकांनी वहिनींकडे वळून भाकरी छान झाल्याचे सांगितले.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. लढाऊ विमानांचा सराव प्रामुख्याने कामाच्या दिवशी असतो. शनिवार-रविवारी आकाश बरेच शांत असते, असे या भागातले सगळेच सांगतात. तेव्हा केवळ विमाने पाहायची असतील, तर शनिवार-रविवार जोडून येण्यापेक्षा मधला वार निवडावा.

शुक्रवार: लोहगाव

सकाळी सातला घराबाहेर पडलो तेव्हा धुके इतके दाट होते की समोरून येणाऱ्या रिक्षाचा आधी दिवा दिसे आणि मग रिक्षा. डिसेंबरमध्ये नगर रस्त्याच्या या पट्ट्यात थंडी चांगलीच बोचते. स्वेटर जवळ असलेला बरा. धुके असेपर्यंत उड्डाणे होणार नाहीत असे वाटून मी प्रथम लोहगावच्या जुन्या गावठाणात गेलो.

लोहगाव हे तुकोबांचे आजोळ. त्यांच्या मातोश्री कनकाई या येथील मोझे घराण्यातल्या, आणि देहूहून येऊन तुकोबा येथे कीर्तने करीत, अशी परंपरा आहे. त्यांना येथे प्रेम मिळाले तसा छळही झाला. शिवबा कासाराच्या बायकोने नवरा कीर्तनाच्या नादी लागला म्हणून तुकोबांच्या अंगावर कढत पाणी ओतल्याची कथा याच गावची. मंदिरात काकडा नुकताच संपला होता, आणि उदबत्तीच्या वासात ओल्या फरशीवर चार-पाच वृद्ध मंडळी गप्पा मारत बसली होती. त्यांच्यातल्या एका आजींना मी विमानतळाच्या नावाबद्दल विचारले. नागरी विमानतळाला ‘जगद्गुरू संत तुकाराम महाराज’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला होता. आजी म्हणाल्या, “नाव कुनाचंबी द्या, जमीन आमच्या आज्ज्याची व्हती.” मग मला दोन पेढे हातावर ठेवून त्या निघून गेल्या. लोहगावचे उरलेले भागही २०१७ मध्ये महापालिकेत गेले आणि आता गावठाणाला इमारतींनी चहूबाजूंनी वेढले आहे; तरीही खांदवे, खेसे, मोझे, टिंगरे ही आडनावे दुकानांच्या पाट्यांवर पावलोपावली भेटतात आणि तळापूर्वीचे गाव कोणाचे होते याची आठवण देतात.

तळ आला तो १९३९ मध्ये. दुसरे महायुद्ध तोंडावर होते आणि मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांना मागच्या बाजूला एक धावपट्टी हवी होती. ‘आरएएफ (रॉयल एअर फोर्स) पूना’ या नावाने ती लोहगावच्या माळावर उभी राहिली. निवडीमागची कारणे नकाशा पाहिला तर सहज ध्यानात येतात. मुंबईचा किनारा उघडा, जागा तुटपुंजी आणि पाऊस धो-धो. सह्याद्री ओलांडून पठारावर आले की जवळजवळ ६०० मीटर उंचीवर कोरडी, सपाट, मोकळी जमीन, शेजारी १८१७ पासूनची लष्करी छावणी, आणि मुंबई विमानाने काही मिनिटांच्या अंतरावर. युद्धकाळात येथून वेलिंग्टन आणि मॉस्किटो बॉम्बफेकी विमाने तसेच स्पिटफायर लढाऊ विमाने उडाली. स्वातंत्र्याच्या जेमतेम तीन महिने आधी, मे १९४७ मध्ये, तळ रॉयल इंडियन एअर फोर्सकडे सुपूर्द झाला. आज तो हवाई दलाच्या नैर्ऋत्य विभागाखाली येतो, ज्याचे मुख्यालय गांधीनगरला आहे.

दहाच्या सुमारास धुके विरले. ५०९ चौकाजवळ एका टपरीवजा हॉटेलात मिसळ खाल्ली. रस्सा पातळ पण झणझणीत, शेव ताजी, आणि पाव मात्र कालचा. तेथून पुढे चालत जाताना तळाची भिंत काही अंतर सोबत करते: वर काटेरी तारांची वेटोळी, मधूनमधून टेहळणीचे मनोरे, आणि थोड्या-थोड्या अंतरावर छायाचित्रणास मनाई असल्याच्या पाट्या. मी मोबाइल खिशातच ठेवला होता, आणि ज्यांना हा परिसर पाहायचा आहे त्यांनीही तसेच करावे. भिंतीजवळ रेंगाळू नये, ड्रोनचा तर विचारही मनात आणू नये.

सुखोई प्रथम कानाने कळते. आधी दूरवर जाड कापड फाडल्यासारखा आवाज येतो, तो वाढत वाढत छातीत उतरतो, मग इमारतींच्या वरून अनपेक्षित वेगाने एक करडी आकृती बाहेर पडते. दोन शेपट्या, दोन इंजिनांची दोन केशरी बुबुळे, आणि नाक आभाळाकडे. जवळजवळ २२ मीटर लांबीचे आणि पूर्ण भारासह ३८ टनांहून अधिक वजनाचे हे धूड इतक्या तीव्र कोनात चढू शकते, यावर डोळ्यांनी पाहूनही विश्वास बसत नाही. ओझरला आम्ही ती एकेकटी पाहतो; येथे पहिलीच्या मागोमाग काही सेकंदांत दुसरी उठली आणि दोघी मिळून उजवीकडे वळल्या. शेजारी उभा असलेला भाजीवाला मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होता. त्याने मान वर केली नाही.

याच धावपट्टीवरून ८ जून २००६ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम विंग कमांडर अजय राठोड यांच्यासोबत सुखोईतून उडाले, आणि २५ नोव्हेंबर २००९ रोजी प्रतिभाताई पाटील. दोघांचेही वय त्या वेळी ७४ होते. लढाऊ विमानातून भरारी घेणाऱ्या प्रतिभाताई भारताच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष ठरल्या. कलामांच्या उड्डाणाची आठवण सगळे काढतात. जळगाव जिल्ह्यातल्या बाईंनी पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर जी-सूट, म्हणजे लढाऊ वैमानिकाचा खास पोशाख, चढवला, याचे कौतुक आपल्याकडे पुरेसे झाले नाही, असे माझे मत आहे.

शनिवार: कॅम्प आणि आगाखान पॅलेस

भिंतीपलीकडचे विमान जवळून पाहायचे असेल, तर पुणे कॅम्पातल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाकडे जावे. १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झालेले हे स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले, ही त्याची खास ओळख. येथे कारगिल युद्धात भाग घेतलेले मिग-२३ बीएन हे विमान ठेवले आहे, आणि त्याच्या पोटाखाली उभे राहून पंखांवरचे रिव्हेट मोजता येतील इतके ते जवळ आहे. उन्हाने रंग उडाला आहे, टायरांना भेगा गेल्या आहेत, आणि हवा शोषणाऱ्या झरोक्यात चिमणीने काड्या आणून टाकल्या आहेत. सकाळी लवकर गेल्यास गर्दी नसते. सावली मात्र फारशी नाही. टोपी व पाणी सोबत ठेवावे.

पुण्याच्या तळाने युद्ध पाहिले ते मुख्यतः लिबरेटर आणि कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानांच्या काळात. लिबरेटरची गोष्ट तर अफलातूनच आहे. महायुद्ध संपल्यावर ही अमेरिकी बनावटीची बॉम्बफेकी विमाने कानपूरच्या भंगारात, पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून टाकली होती. एचएएलच्या लोकांनी एकाचा भाग दुसऱ्याला लावून ती उडण्यापुरती दुरुस्त केली, जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती बंगळूरला उडवत नेली, आणि तेथे पूर्ण डागडुजी झाल्यावर ४० हून अधिक विमाने हवाई दलाला मिळाली. पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनने त्यांवरून वर्षानुवर्षे अरबी समुद्रावर टेहळणी केली. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली, तोवर जगभरच्या संग्रहालयांना त्यांचे मोल कळले होते. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातले लिबरेटर हे भारताने दिलेले विमान आहे. ज्यांनी मोडून टाकली त्यांच्याच देशात ते आता मानाने उभे आहे.

कॅनबेरांचा मोठा दिवस म्हणजे १८ डिसेंबर १९६१. गोवामुक्तीच्या कारवाईत विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा पुण्याहून निघाल्या आणि त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन, बॉम्ब टाकले. त्यानंतर आणखी आठ कॅनबेरांनी हल्ला केला. धावपट्टी निकामी करायची पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा आदेश होता, आणि तो पाळला गेला. उद्या हा विमानतळ आपलाच होणार आहे, हे आदेश देणाऱ्यांना ठाऊक होते. पोर्तुगीजांनी मात्र खड्डे कसेबसे बुजवून त्याच रात्री दोन प्रवासी विमाने अंधारात बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. बेळगावच्या सांबरा तळावरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असते. पुण्याचा वाटा तेवढा ठाऊक नसतो. स्मारकाच्या बाहेर भेटलेल्या महाविद्यालयीन मुलांना मी विचारून पाहिले. गोवा आणि लोहगाव यांचा संबंध त्यांनी ‘पाऊण-एक तासाची फ्लाइट’ असा सांगितला.

दुपारी इराण्याकडे बन-मस्का व चहा घेऊन मेट्रोने कल्याणीनगर गाठले. वनाझ ते रामवाडी ही मार्गिका मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाल्यापासून शहराच्या पश्चिमेकडून या भागात येणे फार सोपे झाले आहे. विमानतळासाठी रामवाडी स्थानकावर उतरून रिक्षा करावी. आगाखान पॅलेस तळापासून काही किलोमीटरवर आहे. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ गांधीजी येथे स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच गेल्या. त्याच काळात लोहगावहून ब्रिटिशांची बॉम्बफेकी विमाने उडत होती. समाधींसमोर बसलो असताना एक प्रवासी विमान अगदी खालून उतरणीला लागले, आणि १९४२ च्या त्या बंदिवानांच्या कानांवर कोणते आवाज पडत असतील, हा प्रश्न मनात आला. फलकांवर याचा उल्लेख कोठे नाही, असायला हवा.

रविवार: वाडे-बोल्हाई आणि थेऊर

मावसभावाच्या दुचाकीवरून वाघोलीमार्गे वाडे-बोल्हाईला गेलो. बोल्हाई देवीचे दर्शन घेऊन बाहेर पडताच रस्त्याकडेच्या शेतात हुरड्याचा धूर दिसला. शेतकरीदादांनी आगटीजवळ पोते अंथरून बसवले, कणसे निखाऱ्यांत खुपसून भाजली आणि गरम असतानाच तळहातावर चोळून हिरवा, गोडसर हुरडा समोर ठेवला. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाचे तिखट, गूळ आणि दह्याचा वाडगा. हे ठिकाण मी मुद्दाम निवडले होते. १३ डिसेंबर २०११ रोजी पुण्याहून उडालेले एक सुखोई याच गावाच्या शिवारात कोसळले होते, आणि दोन्ही वैमानिक छत्रीच्या साहाय्याने बाहेर पडून बचावले होते.

दादा त्या दिवशी शेतातच होते. त्यांचे सांगणे थोडक्यात असे: आवाज रोजचाच, म्हणून वर पाहिले नाही, जमीन हादरली आणि काळा धूर उठला तेव्हा पाहिले. लोक आगीकडे धावले, मग कोणीतरी ओरडले की माणसे छत्रीने उतरली आहेत, तेव्हा निम्मे लोक तिकडे धावले. “ती पोरं नीट उभी राहिली ना, तेव्हा जीव भांड्यात पडला बघा. इमान काय, सरकार दुसरं घेईल.” त्यानंतर काही दिवस जवान शेतातून बारीकसारीक तुकडे वेचत होते, असेही ते म्हणाले.

थेऊर येथून जवळच. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी थेऊरजवळच्या कोलवडीत दुसरे सुखोई पडले. त्या वेळी आसने वैमानिकांच्या आज्ञेविना बाहेर फेकली गेली, असे प्रसिद्ध झाले होते, आणि तपासासाठी देशभरातली सगळी सुखोई विमाने काही काळ जमिनीवर ठेवली गेली. तेव्हाही दोघे वैमानिक सुखरूप होते. एमकेआयच्या पहिल्या अपघातात मात्र तसे झाले नाही. ३० एप्रिल २००९ रोजी पुण्याहूनच उडालेले विमान राजस्थानात पडले आणि विंग कमांडर पी. एस. नारा यांचा मृत्यू झाला. तळाच्या कर्तबगारीविषयी लिहिताना हा हिशेब गाळणे मला योग्य वाटत नाही.

थेऊरला चिंतामणीचे दर्शन घेतले. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी येथेच गेले, आणि नदीकाठी रमाबाईंचे सतीवृंदावन आहे. रविवारी दर्शनाला मोठी रांग असते. सकाळी आठच्या आत पोहोचणे उत्तम.

सोमवार: धावपट्टीवर

सामान्य नागरिकाला लोहगावच्या धावपट्टीवर पाऊल, निदान चाक, ठेवता येते ते एकाच मार्गाने, आणि तो म्हणजे विमानाचे तिकीट. नागपूरला लग्नासाठी जायचेच होते, म्हणून मी येथूनच विमान धरले. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेले नवे टर्मिनल प्रशस्त आणि उजेडाचे आहे; पण टर्मिनल नागरी असले तरी धावपट्टी हवाई दलाची, आणि हवाई वाहतूक नियंत्रणही त्यांचेच. वर्षाला सुमारे एक कोटी प्रवासी, सुमारे अडीच किलोमीटरची धावपट्टी, आणि तिच्यावर पहिला हक्क लढाऊ विमानांचा. तिच्या दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये १४ दिवस नागरी उड्डाणे पूर्ण बंद होती, तेव्हा पुण्याला हे नाते पहिल्यांदा नीट जाणवले. परिसरातल्या इमारतींच्या उंचीवरचे निर्बंध, उघड्यावरच्या कचऱ्यामुळे घिरट्या घालणाऱ्या घारी आणि त्यांच्या धडकेचा धोका, हे सगळे याच शेजाराचे भाग आहेत.

खिडकीची जागा घेतली होती, पण कॅमेरा बंद ठेवण्याची सूचना दाराशीच मिळाली. विमान टॅक्सी-वेवर आले आणि थांबले. पाच मिनिटे, दहा मिनिटे. वैमानिकाने सांगितले की हवाई दलाची उड्डाणे चालू असल्याने थोडा वेळ लागेल. तेवढ्यात समोरून सुखोईची जोडी धावत गेली. काच बंद असूनही आसनाचा लोखंडी पाय पायाखाली थरथरला, आणि आगीचे चार ठिपके धुरकट आभाळात लहान होत गेले. शेजारचे गृहस्थ घड्याळाकडे पाहत पुटपुटले, “नागपूरला साडेदहाची मीटिंग आहे हो माझी.”

मी म्हणालो, “धावपट्टी त्यांची आहे. आपण पाहुणे.”

“ते ठीक आहे,” ते म्हणाले, “पण मग पुरंदरचा विमानतळ कधी?”

पुण्याचा नवा नागरी विमानतळ पुरंदरला व्हायचा आहे, आणि आमच्या मागच्या रांगेतल्या बाई तिथल्याच निघाल्या. संपादन व्हायच्या सात गावांपैकी एकात त्यांची अंजिराची बाग आहे. नागपूर येईपर्यंत दोघांचा वाद चालला होता.